फोन बंद लागला तरी

केनेट अँड एव्हन कालवा, ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनजवळ, इंग्लंड
४ जानेवारी

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

मागच्या महिन्यात त्या रविवारी माझा फोन लागत नव्हता आणि तुम्ही दोघं न जेवता रात्री साडेअकरापर्यंत बसून राहिलात, हे मला दादाकडून कळलं. मला तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. ते मनाला फार लागलं. फोनवर आई “बरं बरं” म्हणते, पण तिचं समाधान झालेलं नसतं. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

बाबा, तुम्हाला हे लगेच कळेल. मी राहते त्या बोटीवर ११० अँपिअर-अवरच्या तीन बॅटऱ्या आहेत, आपल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीसारख्याच, पाण्याच्या. (आई, अँपिअर-अवर म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप.) म्हणजे ३३०, पण निम्म्याखाली उतरवल्या तर लवकर मरतात, म्हणून हाताशी खरे १६५. इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी आहे, तिला मी हात लावत नाही. छपरावर १०० वॅटची दोन सोलर पॅनेल. जूनमध्ये ती दिवसाला साठेक अँपिअर-अवर देतात. डिसेंबरात पाच मिळाले तरी पुष्कळ. इथे तेव्हा दिवस आठ तासांहूनही लहान असतो, आणि भर दुपारीही सूर्य जेमतेम पंधरा अंशांपर्यंत चढतो. कराडला डिसेंबरातही तो दुपारी जवळजवळ पन्नास अंशांवर असतो. आई, तुझे उडदाचे पापड इथे महिनाभर वाळले नसते.

खर्च तसा थोडाच. फोनला दिवसाला दीड अँपिअर-अवर, लॅपटॉप पूर्ण भरायला पाच, इंटरनेटच्या डबीला पाच, एलईडी दिवे आणि पाण्याचा पंप मिळून आणखी तीन-चार. फ्रिज हिवाळ्यात बंदच, दूध-लोणी बाहेर पेटीत छान राहतं.

मग बॅटरी संपली कशी? लॅपटॉपसाठी मी इन्व्हर्टर लावला होता आणि तो दिवसरात्र चालूच राहिला. त्याला काही जोडलेलं नसलं तरी तो दीड अँपिअर खातो. दिवसाचे छत्तीस झाले, बाकीच्या सगळ्या घराहून दुप्पट. पाच दिवस आभाळ गच्च, मी रोज कामावर, इंजिन सुरूच केलं नाही. शनिवारी रात्री नऊच्या सुमारास इन्व्हर्टर ओरडला आणि बंद पडला. फोन त्यालाच लावलेला होता, तोही थोड्या वेळाने गेला. रात्री आठ ते सकाळी आठ शेजारच्या बोटींना त्रास नको म्हणून इथे इंजिन चालवायचं नसतं, तो नियम मी पाळते. रविवारी सकाळी इंजिन लावलं आणि दहा मिनिटांत बॅटऱ्या भरणाऱ्या आल्टरनेटरचा पट्टा तुटला. जवळ दुसरा पट्टा होता, पण तीन वाजले तरी तो बसला नव्हता. आता होईल, मग होईल असं करत मी तुमचा विचार मागे टाकला. ते मी करायला नको होतं. चारनंतर अंधार पडू लागला, मी चालत गावात गेले आणि एका कॅफेत फोन चार्जिंगला लावला. तो सुरू झाला तेव्हा तुमच्याकडे साडेअकरा वाजले होते.

त्यानंतर मी सगळी मांडणी बदलली. इन्व्हर्टर आता बंद असतो. बॅटरीचे १२ व्होल्ट आधी २३० करायचे आणि चार्जरने परत उतरवायचे, यात दोनदा वीज वाया जाते. आता लॅपटॉप आणि फोन दोन्ही गाडीत असतो तसल्या सॉकेटवरून थेट बाराच्या लाइनवर भरतात. वायर जाड घातली आहे आणि प्रत्येक सॉकेटला वेगळा फ्यूज आहे. बाबा, लोडशेडिंगच्या दिवसांत तुम्ही मला शेजारी बसवून वायरिंग केलंत, म्हणून हे मी इथे कुणालाही न विचारता केलं.

इंजिन एक दिवसाआड दोन तास चालवते, शनिवारी जास्त वेळ. शेवटचा पाव भाग भरायला बॅटरी फार वेळ घेते, आणि कधीच पूर्ण भरली नाही तर प्लेटांवर सल्फेट धरतं, हे तुम्हीच शिकवलंत. पॉवर बँक कामावरून रोज भरून आणते. रात्री फोन शेगडीच्या बाजूच्या फळीवर, आईने विणलेल्या मफलरमध्ये असतो, कारण पार गारठलेला फोन चार्ज करणं त्याच्या बॅटरीला चांगलं नाही.

आई, आता तुझ्यासाठी. बाबांचा जुना बटणांचा फोन मी येताना आणला होता, आठवतो? त्यात आता वेगळं सिम घातलं आहे. एकदा भरला की आठवडाभर चालतो, आणि त्याच्यावर मी दुसरं काहीच करत नाही. तो नंबर दादाला दिला आहे. नेहमीचा फोन बंद लागला तर त्याच्यावर मिस्ड कॉल द्या, मी उलटा फोन करते. रात्री दोनलाही द्या. रविवारचा आपला फोन माझ्या दुपारी एकला, तुमच्या साडेसहाला, तसाच राहील. तेव्हाच इंजिन चालू ठेवते, म्हणजे व्हिडिओ मध्येच तुटणार नाही.

तू धुराचं विचारलं होतंस. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागेजवळ आणि शेगडीच्या खोलीत असे दोन आहेत. राहत्या बोटीवर तो असावाच लागतो, आणि त्याची बॅटरी त्याच्याच पोटात असते, बोटीच्या विजेशी तिचा संबंध नाही. दर आठवड्याला बटण दाबून बघते.

चौदा दिवसांहून जास्त एका जागी थांबता येत नाही, म्हणून परवा डिवायझेसच्या दिशेने निघेन. तिथे डोंगर चढायला कालव्याला एकोणतीस लॉक आहेत, म्हणजे आत पाणी भरून बोट वरच्या पातळीला उचलणाऱ्या दरवाजांच्या टाक्या. त्यातले सोळा एका सरळ रांगेत. तो सगळा चढ करायला दिवस जातो आणि इंजिन दिवसभर चालतं, म्हणजे वर पोचेन तेव्हा बॅटऱ्या काठोकाठ भरलेल्या असतील.

एक मागणं आहे. मार्चमध्ये दादा येणार आहे. बाबा, त्याच्याबरोबर बॅटरीतल्या पाण्याची ग्रॅव्हिटी बघून ती किती भरली ते सांगणारा तुमचा तो काचेचा हायड्रोमीटर पाठवाल का? इथे नवा मिळतो, पण मला तोच हवा आहे, त्याच्यावर ग्रॅव्हिटी बाराशे पन्नास कुठे येते ते मला न बघता माहीत आहे. आई, तो जुन्या साडीत गुंडाळून दे, आणि साडी परत मागू नकोस.

तुमची,
मनू