आमच्या उपकेंद्राच्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) ताईंना, बदलीच्या निमित्ताने

ताई,

निरोपाच्या दिवशी शाल, नारळ, फोटो यातच सगळा वेळ गेला, प्रत्येकाला तुमच्यासोबत फोटो पाहिजे होता, आणि मला जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून इथे लिहितेय, सगळ्यांसमोर. कारण अर्ध्या गावाला अजून वाटतं की उपकेंद्रातल्या ताई म्हणजे बीपी बघून गोळ्या देणाऱ्या, बस. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला ते आवडत नाही. वयाने माझ्यापेक्षा लहान आहात पण मी ताईच म्हणणार.

३१ ऑगस्ट २०२१ ही तारीख चाळीसगाव तालुक्यात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. रात्रभर डोंगरात पाऊस, तितूर आणि डोंगरी दोन्ही नद्या फुगलेल्या, चाळीसगावच्या बाजारपेठेत पाणी, कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद. आमच्याकडे नदीकाठच्या गल्लीत तर घरातला दाणा न दाणा भिजला, गोठ्यातली गुरं गेली, अंगावरच्या कपड्यांवर लोक शाळेत येऊन बसले.

त्यानंतर जे जे आले त्यांनी चांगलंच काम केलं, त्यात वाद नाही. कोणी खिचडी आणली, कोणी ब्लँकेट, पंचनाम्याला माणसं आली, विहिरीत ब्लिचिंग पावडर पडली, ताप आहे का जुलाब आहेत का विचारून गोळ्या वाटल्या. पुरानंतर साथ पसरते म्हणून ते सगळं लागतंच. पण आमच्या सासूबाईंची बीपी-शुगरच्या गोळ्यांची पिशवी, जुने रिपोर्ट, सगळं पाण्यात गेलं होतं आणि ते कोणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. ज्या बाईची दुभती म्हैस वाहून गेली ती गोळीचं रडगाणं कोणाला सांगणार? तिला ताप नाही, जुलाब नाही, वरून धडधाकट दिसते, मग कोणत्याच यादीत ती येत नाही.

तुमच्या यादीत होती. चिखल तुडवत तुम्ही आणि आशाताई शाळेत आलात, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं रजिस्टर, आणि आल्या आल्या सासूबाईंजवळ खाली बसून विचारलंत, "माय, गोयी लिधी का?" म्हणजे गोळी घेतली का. नांदेडकडची पोरगी अहिराणीत विचारतेय म्हणून एवढ्या दुःखातही त्या हसल्या. आणि मग बांध फुटल्यासारख्या रडल्या. बीपी घेतलं तर १९० च्या वर. तुम्ही घाबरवलं नाही, थोडा वेळ बसवून परत मोजलं, बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिन आणि शुगरच्या मेटफॉर्मिनच्या स्ट्रिप हातात दिल्या, आणि बजावलंत की बुडालेल्या दिवसांच्या गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत, आजपासून नेहमीसारखी सुरू करायची. जुलाब-उलट्या लागल्या तर मेटफॉर्मिन थांबवून लगेच फोन करा हेही तेव्हाच सांगितलंत. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, छातीत दुखलं तर वाट बघायची नाही, १०८. हे तुम्ही शाळेच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंत, ते पुसायला आम्ही पोरांना कितीतरी दिवस मनाई केली होती.

ती यादी आली कुठून हे मला इथे सांगायचंय. पुराच्या आधी आशाताई घरोघर फिरून तीस वर्षांवरच्या सगळ्यांचे फॉर्म भरत होत्या, तंबाखू खाता का, दारू घेता का, घरात कोणाला शुगर-बीपी आहे का, आणि कमरेला टेप लावायची वेळ आली की बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. गावात बऱ्याच जणांना ते सरकारी कागद रंगवणं वाटायचं. पण त्या फॉर्मवरून तुम्ही एकेकाला बोलवून बीपी-शुगर तपासली, आणि कोणाला काय आजार, कोणती गोळी, किती पॉवरची, शेवटची कधी नेली हे हाताने रजिस्टरमध्ये उतरवून ठेवलं. टॅबमध्येही भरत होतात, पण पुरात लाइट गेली, टॉवर गेला, टॅब कामाचा राहिला नाही आणि ते रजिस्टर चाललं. पूर आल्यावर कोण आजारी आहे हे शोधत बसलो असतो तर माणसं हातची गेली असती, हे मी अगदी खात्रीने सांगते.

खालच्या गल्लीतल्या त्या पोरीचं तर विसरूच शकत नाही. लहानपणापासून इन्सुलिनवर. तिच्या शरीरात इन्सुलिन बनतच नाही, म्हणजे तिचं गोळीसारखं नसतं की चार दिवस पुढे-मागे झालं तर भागेल, एक-दोन दिवसांतच जिवावर बेततं. तिची बाटली वाहून गेली होती. उपकेंद्रात इन्सुलिन नव्हतं, तुम्ही ट्रॅक्टरवर बसून रस्त्यापर्यंत गेलात, तिथून पुढे कोणाच्या तरी मोटरसायकलवर, आणि मोठ्या दवाखान्यातून लसीच्या डब्यात घालून बाटल्या आणल्या. मला आठवतं, बाटल्या तुम्ही कागदात गुंडाळून बर्फाच्या पॅकपासून लांब ठेवल्या होत्या, मी विचारलं तर म्हणालात की इन्सुलिन गोठलं की वाया गेलं, मग ते टोचून उपयोग नाही. पोरगी तोवर सुस्तावली होती, सारखं पाणी मागत होती, पोट दुखतंय म्हणत होती. तुम्ही इंजेक्शन देऊन तिथेच थांबला नाहीत, तिला लगेच पुढे पाठवलंत. आज ती कॉलेजला जाते.

आणि पाय बघणं! शुगरवाल्या प्रत्येकाला तुम्ही पाय दाखवा म्हणत होतात आणि लोक लाजत होते, तुमच्यासमोर पाय कसा करायचा म्हणून. चिखलात काच, पत्रा, बाभळीचे काटे सगळं होतं आणि लोक अनवाणी घर उपसत होते. शुगरने पायाची जाणीव कमी झालेली असते, लागलेलं कळतच नाही, आणि जखम सडली की गोष्ट बोटं कापण्यावर जाते. आमच्या चुलत सासऱ्यांच्या तळव्यात खिळा घुसलेला तुम्ही काढायला लावलात, त्यांना पत्ताच नव्हता. धनुर्वाताचं इंजेक्शन, ड्रेसिंग, आणि रोज संध्याकाळी तळवे बघायचे, बघता येत नसेल तर नातवाला बघायला सांगायचे. ते आजही नातवाकडून बघून घेतात.

डायलिसिसवाल्या दादांचं पण तुम्हीच बघितलं. घाट बंद म्हणून त्यांची औरंगाबादची वाट बंद झाली होती, तुम्ही फोनवर फोन करून धुळ्याला सोय लावून दिली. मदत म्हणून बिस्किटं, फरसाण, लोणच्याची पाकिटं यायची तेव्हा वाटणाऱ्या पोरांना बाजूला घेऊन तुम्ही सांगितलंत की शुगर-बीपीवाल्यांना हे देऊ नका, त्यांना घट्ट डाळ आणि भाकरीचं बघा. मग आम्ही बायकांनी शाळेच्या आवारात चूल मांडली, मिळेल तिथून दादर ज्वारीचं पीठ आणलं आणि त्यांच्यापुरत्या भाकरी थापल्या. हे छोटं वाटेल कोणाला. माझ्यासाठी छोटं नाही.

त्यानंतर मी या विषयावर जमेल तसं वाचत गेले, तुमच्यामुळेच. २०२३ मध्ये आयसीएमआर या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या मोठ्या सर्व्हेत आलं की देशात १० कोटींवर लोकांना मधुमेह आहे आणि ३१ कोटींवर लोकांना हाय बीपी. म्हणजे कुठेही पूर येऊ दे, भूकंप होऊ दे, त्या गर्दीत हे लोक असणारच. कोरोनात २०२० साली डब्ल्यूएचओने म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने देशांना विचारलं तर ५३ टक्के देशांत बीपीचे उपचार थोडे किंवा पूर्ण बंद पडले होते. आपल्याकडे तेव्हा तुम्ही दोन-दोन महिन्यांच्या गोळ्या आशाताईंच्या हाती घरपोच दिल्या होत्या, ते वाचताना आठवलं. जगात सुद्धा हे शहाणपण उशिराच आलं. संकटात पाठवायच्या औषधांच्या पेट्यांत बराच काळ जास्त भर साथीच्या आजारांवर आणि जखमांवर होता, मग डब्ल्यूएचओने दहा हजार लोकांना तीन महिने पुरेल अशी बीपी, शुगर, दमा, हृदयरोगाच्या औषधांची वेगळी पेटी तयार केली, ती सीरियासारख्या युद्धाच्या ठिकाणी जाते. ते वाचलं तेव्हा मला तुमची खांद्यावरची बॅग दिसली.

अजून एक. आपल्या जळगाव-भुसावळच्या उन्हात पारा ४५ च्या वर जातो, त्यात लोडशेडिंग, ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनी इन्सुलिन ठेवायचं कुठे? तुम्ही त्या पोरीच्या आईला कोरं मडकं आणायला लावलंत, मोठ्या मडक्यात ओली वाळू, वाळूत छोटं मडकं, आणि आत कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत बाटली. काही शहाण्यांनी तेव्हा नाकं मुरडली होती. पण केनियातल्या दागाहाले निर्वासित छावणीचं संशोधन मी वाचलं, जिनिव्हा युनिव्हर्सिटी आणि डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्सवाल्यांनी केलेलं, २०२१ मध्येच छापून आलंय. तिथल्या घरांसारखं २५ ते ३७ डिग्रीमध्ये वर-खाली होणाऱ्या तापमानात चार आठवडे इन्सुलिन ठेवलं तरी त्याची ताकद टिकली. आपला उन्हाळा ३७ वर थांबत नाही, म्हणून मडकं पाहिजेच, पण फ्रीज नाही म्हणून इन्सुलिनच नको असं कोणी म्हणालं तर आता मी भांडते.

तुम्ही गेल्यावर काय चाललंय ते कळवते. नव्या ताई चांगल्या आहेत, रजिस्टर त्यांनी नीट ताब्यात घेतलंय. तुम्ही लावलेली पद्धत आम्ही बचत गटाच्या बायकांनी उचलली, मे संपायच्या आत नदीकाठच्या प्रत्येक बीपी-शुगरवाल्याच्या घरी जास्तीच्या गोळ्या पोहोचल्या का हे आम्ही घरोघर जाऊन बघतो, गोळ्या आणि कार्डाची झेरॉक्स झिप लॉकच्या पिशवीत, पिशवी वर खुंटीला, खाली कोनाड्यात नाही. कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये. ज्याला इन्सुलिन लागतं त्याच्या घरातून निघताना आधी ते उचलायचं, मग दागिने. हे सासूबाईच सगळ्यांना सांगत फिरतात, त्यांचं परवाचं बीपी १३४/८२ होतं.

तुम्हाला नंदुरबारच्या अक्राणी तालुक्याकडे दिलंय म्हणे. तिकडे पावसाळ्यात पाडे तुटतात, नर्मदेच्या काठच्या लोकांकडे दवाखाना बोटीतून जातो हे ऐकून आहे, आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची लेकरं पण तिकडे पुष्कळ, त्यांच्याही गोळ्या खंड न पडता चालाव्या लागतात. तिथली भाषा वेगळी, पण तुम्ही ती शिकाल. रजिस्टरसाठी जाड प्लास्टिकची कव्हरं आमच्या गटाने घेऊन ठेवलीयत, आशाताईंचा भाऊ शहाद्याला जातो त्याच्या हाती पाठवते, पत्ता कळवा.

तुमची,
शाळेसमोरच्या गल्लीतली वहिनी