नव्या मेंबरची पोस्ट रात्रभर अडकते तेव्हा

संपादक महोदय,

आमच्या घोडबंदर रोडच्या रहिवाशांच्या फेसबुक ग्रुपवर मी तीन वर्षं अ‍ॅडमिनचं काम बघतेय, त्याबद्दल लिहायचंय. नवीन मेंबरची पोस्ट आम्ही आधी बघतो मगच सोडतो, आणि ते करावंच लागतं. मागे एकाने आल्या आल्या ‘आज रात्री तुमची लाईट कापणार, या नंबरवर फोन करा’ असं टाकलेलं, आमच्या शेजारच्या काकूंनी खरंच फोन लावला, नशीब ओटीपी द्यायच्या आधी मुलगा घरी आला. तेव्हापासून अप्रूव्हल चालू केलं. (अशी फसवणूक झालीच तर लगेच 1930 या सरकारी सायबर हेल्पलाइनला फोन करा, कितीतरी जणांना हा नंबर माहीतच नाही.)

पण गेल्या महिन्यात कासारवडवलीला नवीन राहायला आलेल्या एका मुलाने रात्री दहाला पोस्ट टाकली, बाबा विसरभोळे आहेत, चपला न घालता बाहेर पडलेत, निळा शर्ट. आम्ही चौघे अ‍ॅडमिन झोपलेलो, पोस्ट सकाळी सातपर्यंत पेंडिंगमध्येच. बाबा सापडले, एका रिक्षावाल्याने नाक्यावर बसवून चहा दिला होता, पण ते नऊ तास माझ्या डोक्यातून जात नाहीत.

आता आम्ही रात्रीच्या पाळ्या लावल्यात, दोन चांगल्या पोस्ट झाल्या की त्या मेंबरचं अप्रूव्हल काढतो, आणि नाकारलं तर का ते दोन ओळीत कळवतो. ठाण्यातल्या बाकी ग्रुपच्या अ‍ॅडमिननीही निदान रात्री एकाला तरी जागं ठेवा ना.

– एक वाचक, ठाणे (प.)