आईचं पोट आणि ती रात्रीची गोळी

आई, बाबा,

फोनवर धड बोलणं होत नाही, एकतर नेटवर्क जाते नाहीतर बाबा मधेच तुरीचं काढतात, म्हणून लिहूनच पाठवते. बाबा, चष्मा लावा अन् आईला मोठ्याने वाचून दाखवा, तुमच्यावरचं गाळू नका.

आई, मेडिकलवाला म्हणाला ही डिप्रेशनची गोळी आहे म्हणून तू बंदच केली म्हणे. खोटं नाही बोलला तो, पण अमिट्रिप्टिलिन डिप्रेशनसाठी 75 ते 150 मिलिग्राम देतात अन् तुला रात्रीची फक्त 10 ची आहे, एवढी कमी पोटाच्या कळांसाठी देतात. ब्रिटनमध्ये आयबीएसच्या, म्हणजे तुझ्यासारखं रिपोर्ट नॉर्मल असूनही पोट दुखतं त्या आजाराच्या, 463 पेशंटवर हे तपासलं, 2023 मध्ये छापून आलं, 10 ते 30 मिलिग्रामवाल्यांना नुसत्या दिखाऊ गोळीवाल्यांपेक्षा जास्त आराम पडला.

आता बाबा तुम्ही. "रिपोर्ट नॉर्मल आहे मग काहून कण्हतं" हे बंद करा बाप्पा. पोळ्याला मी पाहिलं ना, तव्यावर भाकर टाकली की पलटेपर्यंत आई बेंबीखाली मूठ दाबून बसायची, तेव्हा तर तिला कोणी बघतही नव्हतं. 1973 मध्ये रिची नावाच्या डॉक्टरनं मोठ्या आतड्यात छोटा फुगा घालून फुगवून पाहिला, 60 मिली हवेला चांगल्या माणसांत शंभरात सहाच जणांना दुखलं, असं पोट असणाऱ्यांत मात्र 55 जणांना. हवा तेवढीच!

आतड्याची खबर मणक्यातून वर जाते, अन् मेंदू वरून सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनलिन अशी रसायनं वापरून ठरवतो की त्यातली किती येऊ द्यायची, तुम्ही वावर ओलताना पाण्याच्या दांडाला कुठं माती टाकता कुठं फोडता तसंच. आईची माती वाहून गेली आहे, गोळी ती परत टाकते. टेन्शनमध्ये हा बंदोबस्त अजून ढिला पडतो, कापसाचा भाव पडला की तिची कळ वाढते हे तुम्हीच सांगता ना मग.

तर आई, डॉक्टरांना विचारून परत सुरू कर. तीन-चार आठवडे लागतात, तोंड कोरडं पडेल, झोप येईल, शौचाला घट्ट होईल, रात्री उठताना घाई नको. बीपीची गोळी चालू आहे हेही त्यांना सांग. अन् शौचात रक्त दिसलं किंवा वजन उतरलं तर माझ्या फोनची वाट पाहू नका, सरळ दवाखान्यात जा.

रविवारी फोन करते. आईलाच द्या बाबा, तिच्या वतीनं "बरी आहे" तुम्ही सांगू नका.

तुमची
छोटी