आप्पा, त्या काड्या इतक्यात घेऊ नका

नापा, कॅलिफोर्निया
सप्टेंबर

ती. आप्पा आणि आई,
सा. नमस्कार.

परवा आप्पा म्हणाले, नव्या प्लॉटमधले डॉगरिजचे खुंट, म्हणजे द्राक्षाचं कलम ज्यावर बांधायचं ती मुळाकडची झाडं, कलमाला आलेत आणि त्यांवर भरायच्या काड्या शेजारच्या काकांच्या बागेतून घ्यायचं ठरतंय. घड लांब आहेत, वर फुकट मिळतायत. पण अशा काडीतून व्हायरस येऊ शकतो. फोनवर तुम्ही मला पुरतं बोलू देत नाही, म्हणून लिहितेय.

इथं कॅबर्ने या वाइनच्या काळ्या द्राक्षाची तोडणी तोंडावर आलीय. या दिवसांत बागा लाल दिसायला लागल्या की पर्यटक गाड्या थांबवून फोटो काढतात. त्यातली बरीचशी लाली रोगाची असते, पण त्यांना कोण सांगणार! व्हायरस मुख्यतः दोन. लीफरोलमध्ये पान लाल पडतं, शिरा हिरव्याच राहतात आणि कडा खाली वळतात. रेड ब्लॉचमध्ये कडा वळत नाहीत, उलट शिराच लाल होतात. हा दुसरा २००८ साली इथल्या ओकव्हिलमधल्या विद्यापीठाच्या बागेत नजरेत भरला. तोवर त्यालाही लीफरोलच समजत असणार. आई, तुझ्या टोमॅटोची पानं आकसवणारा व्हायरस याच्याच भावकीतला.

वेल मरत नाही, हीच यातली खोड. वेल उभी राहते, घडही येतात, पण पानात तयार झालेली साखर मण्यापर्यंत नीट पोचत नाही. शुगर भरत नाही, रंग चढत नाही, तोडणी लांबते. आपल्याकडे निर्यातीच्या मालाला १८ ब्रिक्स गोडी गाठताना काय जीव खालीवर होतो, ते तुम्हाला मी सांगायला नको. आणि डाउनी-भुरीसारख्या बुरशीच्या रोगांवर असतं तसं याला औषध नाही. टाकीत काहीही कालवा, एकदा व्हायरस शिरला की ती वेल उपटेपर्यंत तो तिच्यातच.

आता तुम्ही म्हणाल, काकांच्या बागेत तर एक पान लाल नाही. आप्पा, लाल पडतात ती काळ्या जातींची पानं. थॉमसनसारख्या पांढऱ्या जातीत फार तर थोडा पिवळेपणा येतो, तोही आपण पोटॅशच्या नाहीतर मॅग्नेशियमच्या कमतरतेच्या खात्यावर टाकतो. डॉगरिजसारखे अमेरिकन खुंट तर काहीच दाखवत नाहीत. तुमची नजर तीस वर्षांची असली तरी इथं ती चालत नाही, प्रयोगशाळाच लागते. लांबच्या प्रवासाला हा रोग काडीवर बसूनच निघतो. एका वेलीच्या काड्या अख्ख्या प्लॉटला भरल्या, की तो प्लॉट पहिल्या दिवसापासून गेला. आणि लीफरोल फक्त परदेशातलाच नाही. नाशिक-पुणे भागातल्या बागांतही आपल्याच शास्त्रज्ञांनी तो नोंदवलाय.

बागेत शिरल्यावर लीफरोल पसरवतो तो मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण. छाटणीच्या कात्रीनं तो पसरत नाही, त्यामुळे तिला उगाच दोष नको. मिलीबगची बारीक पिल्लं वाऱ्यावर, मजुरांच्या कपड्यांवर, क्रेटवर बसून पुढच्या ओळीत जातात. त्यांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्याच्या लोभानं मुंगळे त्यांची राखण करतात, म्हणून खोडावर मुंगळ्यांची रांग दिसली की साल सोलून बघा. वेल काढायची वेळ आली तर मुळ्याही काढाव्या लागतात, कारण जमिनीत जिवंत राहिलेल्या मुळीत व्हायरस टिकतो आणि मिलीबगही तिथंच दडतो. दक्षिण आफ्रिकेत व्हर्गेलेगन नावाच्या मळ्यानं दरवर्षी रोगट वेली हुडकून काढत लीफरोल जवळजवळ संपवला. त्यांनीही नवी लागवड केली ती तपासलेल्या रोपांचीच.

काकांना वाईट वाटेल, हे मला कळतं. आई, ते तू सांभाळ, तुझं ते ऐकतात. आप्पा, पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या द्राक्ष संशोधन केंद्रात फोन करून विचारा, काडीची व्हायरस तपासणी कुठं होते आणि खात्रीची काडी कुठं मिळते. यंदा कलमाचा हंगाम हुकला तरी चालेल. खुंट वर्षभर वाढतील, मांडवाचा खर्चही पुढं जाईल. बाग पंधरा वर्षं ठेवायचीय, त्यात एका वर्षाचं काय एवढं!

रविवारी तुमच्या सकाळी फोन करते. तोवर कलम भरणाऱ्या टोळीला तारीख देऊ नका. आणि आई, गुडघ्याचा एक्स-रे काढलास का? काढला असशील तर तो फोटो पाठव. "बरं आहे" एवढंच लिहू नकोस.

तुमची,
ताई