बाबांची गोळी मामाच्या सांगण्यावरून बंद करायची नाही

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर सगळं बोलून झालंय तरी परत लिहितेय, कारण आई, तू फोनवर "हो हो कळलं" म्हणतेस आणि संध्याकाळी मामाचा फोन आला की सगळं उलटंपालटं होतं. दादाला सांगितलंय मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला, गोळ्यांच्या डब्यातच ठेव. बाबा, तुम्हीपण वाचा. हॉस्पिटलमधे सगळे तुमच्यासमोर तुमच्याबद्दल असे बोलत होते जसं काही तुम्ही तिथे नाहीच, ते तुम्हाला किती लागलं होतं ते मला माहितीये.

आधी मुद्द्याचं. ब्रश करताना हिरडीतून रक्त आलं म्हणून एपिक्साबॅन, म्हणजे बाबांना स्ट्रोकनंतर दिलेली रक्त पातळ करायची गोळी, परस्पर बंद ठेवायची नाही. डॉक्टरांनी लगेच परत चालू करायला लावली ते बरं झालं. ही गोळी दिवसातून दोनदा का असते, तर तिचा असर फार टिकतच नाही, बारा तासांनी उतरायला लागतो आणि एखाद्या दिवसात जवळपास संपतो, म्हणजे "चार दिवस बंद ठेवून बघू" म्हटलं तर त्यातले तीन दिवस बाबा कशाच्याही आधाराशिवाय आहेत. हिरडीसाठी मऊ ब्रश आणा, दातांच्या डॉक्टरांना दाखवा आणि गेल्या गेल्या त्यांना सांगा की रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. दात काढायचा निघालाच तर गोळीचं काय करायचं ते दातांचे डॉक्टर आणि आपले न्यूरोचे डॉक्टर एकमेकांशी बोलून ठरवतील. मामा नाही ठरवणार. (हे त्याला वाचून दाखवलंस तरी चालेल, मी घाबरत नाही.)

एखाद वेळी गोळी राहिलीच तर आठवल्याबरोबर त्याच दिवशी द्यायची आणि पुढची ठरलेल्या वेळेला. राहिली म्हणून दोन एकदम द्यायच्या नाहीत.

बाबा, तुम्ही विचारलं होतं की बीपी तर कंट्रोलमधे होतं, मग मेंदूत रक्ताची गाठ आली कुठून. तर हृदयातून. ईसीजीमधे एट्रियल फिब्रिलेशन निघालं ना, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आवळून रक्त पुढे ढकलत नाहीत, नुसते थरथरत राहतात. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटा खिसा असतो, रक्त तिथे रेंगाळतं आणि गोठतं. तुम्ही पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलंत, कॅनॉलला जिथे पाणी संथ होतं तिथेच गाळ बसतो हे मी तुम्हाला काय सांगणार. त्या खिशातला तुकडा सुटला की तो रक्ताबरोबर वर जातो आणि मेंदूच्या एखाद्या रक्तवाहिनीत जाऊन बसतो. हृदयाचं हे दुखणं असलं की स्ट्रोकचा धोका साधारण पाचपट होतो, आणि ते तुम्हाला अजूनही आहे, स्ट्रोक येऊन गेला म्हणून ते गेलेलं नाही. आणि ही गोळी मेंदूत अडकून बसलेली जुनी गाठ विरघळवायला नाहीये, नवीन होऊ नये म्हणून आहे, त्यामुळे "आता बरं वाटतंय मग कशाला" हा प्रश्नच येत नाही.

आता त्या उंदराच्या औषधाचं. आई, तुला कुणीतरी सांगितलं की या गोळ्या म्हणजे उंदीर मारायचं विष. अर्धं खरं आहे, फक्त ते बाबांच्या गोळीबद्दल नाहीये, ते वॉरफरिन नावाच्या रक्त पातळ करायच्या जुन्या गोळीबद्दल आहे. गोष्ट भारी आहे खरं तर. १९२० च्या सुमारास अमेरिका-कॅनडात गुरं अंगातल्या अंगात रक्तस्राव होऊन मरायला लागली, सडलेला गवताचा चारा खाऊन. विस्कॉन्सिनच्या युनिव्हर्सिटीत कार्ल लिंक म्हणून शास्त्रज्ञ होते, त्यांच्या टीमने त्या चाऱ्यातला नेमका पदार्थ शोधून काढला, त्यावरून पुढे वॉरफरिन तयार झालं, १९४८ ला ते उंदरांसाठी बाजारात आलं आणि १९५४ ला माणसांसाठी मान्य झालं. पुढच्याच वर्षी प्रेसिडेंट आयझेनहॉवरना हार्ट अ‍ॅटॅक आला तेव्हा त्यांनाही दिलं होतं. म्हणजे विष की औषध ते डोसवर ठरतं, पण तेवढं फॉरवर्डमधे कोण लिहितंय.

शेजारच्या काकूंची गोळी या वॉरफरिनच्या घराण्यातली आहे, कारण त्यांचा हार्टचा व्हॉल्व्ह मेटलचा आहे आणि त्याला बाबांची गोळी चालत नाही. म्हणून त्यांना सारखं आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासावं लागतं आणि पालक, मेथी, कोथिंबीर यांचं प्रमाण सांभाळावं लागतं, व्हिटॅमिन के मुळे. बाबांना यातलं काही नाही. मेथीची भाजी बिनधास्त कर, आल्यापासून बिचारे दुधी खातायत. बाबांचं फक्त क्रिएटिनिन अधूनमधून बघावं लागेल, कारण ही गोळी थोडीफार किडनीवाटे बाहेर पडते. या गोळीची वॉरफरिनशी तुलना २०११ मधे अठरा हजारांवर पेशंटमधे झाली होती, त्यात स्ट्रोकही कमी निघाले आणि मोठे रक्तस्रावही, मेंदूतला रक्तस्राव तर जवळपास निम्मा.

मग पहिल्या दिवसापासून का नाही दिली, यावर दादा अजून चिडलेला आहे. स्ट्रोक झालेला मेंदूचा भाग नाजूक झालेला असतो, तिथे लगेच ही गोळी दिली तर रक्तस्राव होईल अशी भीती असते. आम्हाला शिकवलेला हिशोब १-३-६-१२ असा होता, म्हणजे लक्षणं थोडा वेळ येऊन आपोआप गेली असतील तर एक दिवस थांबा, छोट्या स्ट्रोकला तीन, मध्यमला सहा आणि मोठ्याला बारा. आता २०२३-२४ मधे नवीन अभ्यास आलेत, त्यात बऱ्याच पेशंटना याहून लवकर सुरू केली तरी काही बिघडत नाही असं दिसलं, त्यामुळे डॉक्टर हळूहळू बदलतायत. बाबांचा स्कॅन मी पाहिलाय, थांबले ते मला तरी बरोबर वाटलं.

आणि त्या थांबलेल्या दिवसांत बाबांच्या दोन्ही पायांना जे मशीन लावलं होतं, ज्याच्यावरून तुम्ही सिस्टरांशी भांडलात बाबा, ते कशासाठी होतं ते सांगते. स्ट्रोकनंतर पाय हलत नाही, पोटरीचा स्नायू एरवी पंपासारखा रक्त वर ढकलतो ते काम बंद पडतं, आणि पायाच्या आतल्या शिरेत गाठ होते, डीव्हीटी म्हणतात तिला. ही गाठ सुटली तर डोक्यात जात नाही सहसा, हृदयाच्या उजव्या बाजूने फुप्फुसात जाते आणि ते जिवावर बेततं. त्या मशीनचं पायाला गुंडाळलेलं कव्हर फुगतं-सुटतं, पोटरी दाबतं, म्हणजे स्नायूचं काम बाहेरून करतं. इकडे ब्रिटनमधल्या ९४ हॉस्पिटलांत २८७६ पेशंटवर त्याची तपासणी झाली, एडिंबराच्या लोकांनी केली, २०१३ ला छापून आली. मशीन न लावलेल्यांत १२.१ टक्के लोकांना गाठ झाली, लावलेल्यांत ८.५. आमच्या लीड्सच्या वॉर्डातही आजोबा लोक ते काढून फेकतात, गरम होतं, रात्री आवाज येतो, सगळं खरं आहे, पण गोळी देता येत नसताना तोच काय तो आधार होता.

आई, याच लोकांनी आधी लांब घट्ट मोज्यांचीपण तपासणी केली होती, मांडीपर्यंतचे असतात ते, तू मेडिकलमधून आणलेस तसलेच. २००९ ला निकाल आला. मोजे घातलेल्यांत १० टक्के, न घातलेल्यांत साडेदहा, म्हणजे फरकच नाही, उलट मोज्यांनी कातडी सोलटली जाणं, फोड येणं हे ५ टक्के लोकांना झालं आणि बाकीच्यांत फक्त १ टक्का. बाबांना डाव्या पायाला नीट कळत नाही, मोजा रुतला तरी ते सांगणार नाहीत. तेव्हा मोजे दुकानदार परत घेत असेल तर देऊन टाक, नाहीतर राहू देत कपाटात. पैसे गेले तर गेले.

एपिक्साबॅन नीट चालू असेल तर पायातल्या गाठीपासूनही तीच वाचवते, म्हणून तर एवढं ओरडतेय. तरी पायाचं आपलं आपण करायचं आहेच. तिन्ही वेळचं जेवण खुर्चीत, पलंगावर ताट द्यायचं नाही. दिवसभरात थोडंथोडं पण सारखं, घोटा वर-खाली, गुडघा वाक-सरळ, डाव्या पायाला उजव्या पायाने किंवा तू मदत करायची. एकाच वेळी दामटून दमवू नका. पहिल्याच दिवशी उभं का नाही केलं म्हणून तू रागावली होतीस, तर २०१५ मधे ऑस्ट्रेलियातून एक मोठी ट्रायल आली, पहिल्या चोवीस तासांत जोर लावून जास्त उठवाउठव केलेल्या पेशंटचं उलट नंतर कमी भलं झालं. थोडं आणि वारंवार, एवढंच आम्हीपण करतो.

पाणी कमी देऊ नकोस. लघवीला न्यावं लागतं म्हणून तू संध्याकाळी चारनंतर पाणी बंद करतेस हे मला दादाने सांगितलं, त्याला ओरडू नकोस. पाणी कमी पडलं की रक्त दाट होतं. हवं तर रात्री युरिन पॉट वापरा, लाजायचं काय त्यात.

मालिशचं. तेल लावायला माझी ना नाही, बाबांना बरं वाटतं आणि तुझा हात हलका आहे. पण रोज लावायच्या आधी दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी बघायच्या. एक दुसऱ्यापेक्षा सुजलेली, गरम, टणक किंवा दाबल्यावर दुखणारी वाटली तर तेलाची बाटली खाली ठेवायची, अजिबात चोळायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे, पायाची डॉपलर सोनोग्राफी करून घ्यायची. अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यात रक्त दिसलं तर डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ १०८.

उलट बाजूपण लक्षात ठेवा. डांबरासारखी काळी शी, दाबून धरूनही न थांबणारा घोळणा, लघवीत रक्त, किंवा बाबा पडले आणि डोक्याला लागलं, मग वरून काही दिसत नसलं तरी हॉस्पिटल. आणि खांदा दुखतो म्हणून तुझ्या गुडघ्याच्या गोळ्या त्यांना द्यायच्या नाहीत आई! ब्रुफेन, डायक्लोफिनॅक असल्या गोळ्या आणि एपिक्साबॅन एकत्र म्हणजे पोटात रक्तस्रावाला आमंत्रण. पॅरासिटामॉल चालेल, किती ते डॉक्टरांना विचारून घे. खांदा मुळात दुखतो कारण उठवताना सगळे डावा हात धरून ओढतात. हात नाही ओढायचा, पाठीमागून आणि कमरेला धरायचं, मी व्हिडिओ पाठवलाय, भाचे कंपनीला पण दाखव.

परत कधी तोंड वाकडं झालं, हातातली शक्ती गेली, बोलणं अडखळलं तर घड्याळ बघा आणि निघा. गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि मोठ्या नसेतली गाठ तारेने ओढून काढतात ते काही पेशंटमधे चोवीस तासांपर्यंत जमतं. मागच्या वेळी बाबा झोपेतूनच तसे उठले, कधी झालं ते कळायला मार्गच नव्हता. बाबा शेवटचे ठणठणीत कधी दिसले होते ती वेळ डॉक्टर आधी विचारतात, आणि ही गोळी शेवटची कधी घेतली तेही, कारण गोळी चालू असेल तर इंजेक्शनचा निर्णय बदलतो. डब्याच्या झाकणाला कागद चिकटवून वेळ लिहीत जा.

राहिलं बुटाटी. आत्याने मनापासून सुचवलंय, महाराष्ट्रातून कितीतरी लोक पॅरालिसिसचे पेशंट घेऊन राजस्थानात त्या देवळात जातात, सात दिवस राहून फेऱ्या घालतात, मला त्यावर वाद घालायचा नाही. पण सांगलीहून नागौर जिल्हा म्हणजे हजार किलोमीटरच्या वर, दीड दिवस गाडीत लुळा पाय लोंबकळत, पाणी कमी, गोळीची वेळ चुकणार, आणि तिथे कुणीतरी म्हणणार की आता देवाची उदी लावा, गोळ्या कशाला. आत्ता नाही. बाबा काठी घेऊन अंगणात फिरायला लागले आणि डॉक्टर हो म्हणाले की मी स्वतः सुट्टी काढून घेऊन जाईन. आत्याला मीच फोन करते रविवारी, तुम्ही दोघं त्यात वाईट होऊ नका.

आई, क्रिएटिनिनचा रिपोर्ट आला की फोटो पाठव, आणि गोळ्यांची पाच-सहा दिवसांची पाकिटं शिल्लक असतानाच पुढची आणून ठेवायला दादाला सांग, गणपतीत मेडिकलवाला बंद असतो.

तुमची,
मनू