कुकर वेगळे, कुटुंबे दोन?

महोदय,

‘एकत्र कुटुंबे मोडली’ अशी हळहळ वाचकपत्रांत वरचेवर दिसते. मी लोकसंख्याशास्त्रात पीएचडी करते आणि विषय नेमका हाच, म्हणून थोडे.

जनगणनेत कुटुंब म्हणजे सहसा एकत्र राहणारे आणि एकाच स्वयंपाकघरातले जेवणारे. आमच्या सोसायटीत आजी-आजोबा तिसऱ्या मजल्यावर, मुलगा-सून पहिल्यावर. कुकर वेगळे, म्हणून कुटुंबे दोन. पण आजोबांच्या इन्सुलिनची वेळ सूनच सांभाळते आणि नातू शाळेतून थेट आजीकडे जातो. हे आकड्यांत उतरत नाही. एका छपराखाली अबोला धरून बसलेले घर मात्र ‘एकत्र’!

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणारी मुले, १.७ आहे. म्हणजे उद्याच्या म्हाताऱ्यांना एखाद-दुसरेच मूल, तेही कदाचित परगावी. त्यांचे कोण करणार, हे अभ्यासायचे तर प्रभागनिहाय ताजे आकडे हवेत. आम्ही अजून २०११च्या जनगणनेवर प्रबंध रेटतोय. तेव्हा मी शाळेत होते. २०२७च्या जनगणनेची माहिती, नावे वगळून, विद्यार्थ्यांना लवकर आणि फुकट मिळावी. आणि प्रगणक दारात आला तर ‘नंतर या’ म्हणू नका, भले दुपारी दोन वाजता येवो.

– एक संशोधक विद्यार्थिनी, कोथरूड, पुणे