फोन उचलणारा छोटा प्रोग्रॅम

मा. संपादक,

१९७८ साली शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी पहिला डायल-अप बुलेटिन बोर्ड (फोन लावून संगणकावर निरोप वाचायची-लिहायची जागा) सुरू केला, हे बऱ्याच लेखांत येतं. फोन उचलणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव मात्र क्वचितच निघतं. जुना बोर्ड पुन्हा उभारणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं: मोडेमचं (संगणकाला फोनच्या लाइनशी जोडणाऱ्या यंत्राचं) आपोआप उत्तर देणं बंद ठेवा, म्हणजे त्याच्या एस-० रजिस्टरमध्ये (किती रिंगनंतर फोन उचलायचा ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) शून्य. नाहीतर संगणक अडकलेला असतानाही मोडेम फोन उचलतो आणि समोरचा बिचारा कोऱ्या पडद्याकडे बघत बसतो. प्रोग्रॅमने मोडेमचा ‘रिंग’ हा संदेश वाचून ‘एटीए’ (फोन उचल) ही आज्ञा पाठवावी, मग मोडेमच्या ‘कनेक्ट’ या संदेशापुढचा वेग बोर्डाला कळवावा. ‘एटी&सी१’ ही आज्ञा तर हवीच; त्याशिवाय कॅरियर (समोरच्या मोडेमचा सूर) तुटल्याचं प्रोग्रॅमला कळत नाही आणि लाइन अडून राहते.

– एक जुना सिसॉप (बोर्ड चालवणारा)